पाइपाच्या पलीकडच्या बाई

"हाये का जी कोनी तिकडे?"

जमिनीतून वर आलेल्या लोखंडी पाइपाच्या तोंडाशी गुडघे टेकून, पदर कमरेला खोचून बाई हा प्रश्न विचारायच्या. पाइपाच्या दुसऱ्या तोंडाशी, साठ-सत्तर मीटरवर, मी बसलेलो असायचो. मी तिथे आहे हे त्यांना चांगलं ठाऊक असायचं. दहा मिनिटांपूर्वीच आम्ही एका किटलीतला चहा प्यालेलो असायचो. तरी प्रश्न चुकायचा नाही. मी पाइपावर पाना दोनदा ठोकायचो आणि आत तोंड घालून ओरडायचो, "आहे, आहे!" मग त्यांचं "हाव जी" पाइपातून घुमत यायचं आणि कामाला सुरुवात व्हायची.

तुम्ही रस्त्याने जाताना लाकडी ड्रमवर गुंडाळलेली, मनगटाएवढी जाड काळी केबल पाहिली असेल. ट्रान्सफॉर्मरपासून इमारतीपर्यंत ती जमिनीखालच्या पाइपातून न्यावी लागते. बघणाऱ्याला वाटतं, इकडून ढकलली, तिकडून ओढली, झालं. डिप्लोमा करून मी नवानवा सुपरवायझर झालो तेव्हा मलाही तसंच वाटायचं. पण आधी पाइपातून तार घालायची, तारेने दोर ओढायचा आणि दोराने केबल. केबलच्या टोकावर तारांचा विणलेला मोजा चढवायचा. ओढ बसेल तसा तो आवळत जातो. एका तोंडाशी ड्रम फिरवत केबल आत सरकवणारी माणसं, दुसऱ्या तोंडाशी विंच फिरवून ओढणारी. दोन्हीकडच्यांचं जमलं नाही तर केबल सोलवटते, नाहीतर माणूस. सरकवणाऱ्या टोकाची मुकादमी बाईंकडे होती, ओढणाऱ्या टोकाची माझ्याकडे.

बाई चंद्रपूरकडच्या मूल या गावाजवळच्या एका खेड्यातल्या. आमच्या ठेकेदाराकडे माती उपसायला म्हणून आल्या आणि साबणावर स्थिरावल्या. केबल घसरावी म्हणून तिला साबण लावतात. बाई कपड्याच्या साबणाच्या वड्या किसून बादलीत भिजत घालायच्या. सकाळपर्यंत त्याची खीर झालेली असायची. एकदा घाईच्या कामाला मी ग्रीसचा डबा घेऊन गेलो. बाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि डबा माझ्या हातात परत दिला.

"हे तुमच्या गाडीले लावा साहेब. केबलची कातडी सडंल नं यानं."

गँगमधली सगळी माणसं खो खो हसली. मी डबा घेऊन मुकाट परत आलो. बाईंच्या हातून केबल मात्र लेकराला न्हाऊ घालावं तशी आत जायची, दोन्ही तळव्यांनी, कुठे कोरडी न सोडता.

नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, घरी दोन शेळ्या, एवढं मला इतरांकडून कळलं होतं. समोरासमोर बाई कामापलीकडे बोलत नसत. काही विचारलं तर तोंडाकडे बघत राहायच्या, मान हलवायच्या, हसायच्या आणि हातातलं काम पुढे चालू. मला वाटायचं, स्वभाव असेल.

मूलच्या एका राइस मिलमध्ये आमचं काम होतं. तिथल्या पाइपाला एका टोकाजवळ मोठं वळण होतं. मी ड्रम उतरवून घेतला तो सरळ टोकाला, कारण ट्रक तिथेच उभा राहत होता. बाई ड्रमभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "ड्रम तिकडे पायजे. वाकनापाशी."

"काऊन?" मी चिडून त्यांच्याच बोलीत विचारलं.

"सुरुवातीले मोकळी असते तवा वाकते. सगळी आत गेल्यावर मंग नाई वाकत."

मी ऐकलं नाही. केबल शेवटच्या वळणात अशी अडकली की विंचचा दोर तुटून माझ्या कानाजवळून गेला. ती परत बाहेर काढण्यात अख्खा दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशी मी गुपचूप ड्रम वळणाकडे न्यायला सांगितला. "सांगितलं होतं नं" असं दुसरं कोणीही म्हणालं असतं. बाई साबणाची बादली उचलून ड्रमच्या मागे चालू लागल्या.

ड्रम हलवून जॅकवर चढवायला अर्धा-पाऊण तास लागणार होता. विंचवरची माणसं मदतीला तिकडे गेली. मी माझ्या टोकाला भुशाच्या ढिगाशेजारी एकटाच बसलो होतो. तेवढ्यात पाइपातून आलं, "हाये का जी कोनी?"

मी पाना ठोकला. "आहे," म्हणालो. आणि का कोण जाणे, पुढे बोललो, "बाई, आमच्या घरचे आता चंद्रपूरला येणार नाहीत."

हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलाच्या शाळेसाठी बायको नागपूरला माहेरी गेली होती, एका वर्षापुरती. वर्षाची चार वर्षं झाली. त्या आठवड्यात तिने फोनवर सांगून टाकलं, की आता हे असंच राहू दे. ऊर्जानगरच्या रस्त्याला माझी भाड्याची खोली होती. तिथे गेले सहा दिवस मी भिंतीकडे बघत जेवत होतो.

पाइपातून थोड्या वेळाने आलं, "हाव जी."

इतकंच. ना "अरेरे", ना "असं कसं". मला फार हलकं वाटलं.

मग ती सवयच लागली. खिशात मोबाईल होते, पण जंगलपट्ट्यात निम्म्या ठिकाणी रेंज नसायची, आणि असती तरी मी फोनवर हे बोललो नसतो. मुलाने वाढदिवसाला फोन उचलला नाही ते, बायकोने घरातली शिलाई मशीन नेली ते, एकट्यापुरता भात मला अजून जमत नाही ते, सगळं मी पाइपात सांगायचो. मी थांबलो की बरोबर "हाव जी" यायचं. समोर आल्यावर बाई त्यातलं काही काढत नसत. मला त्याचं फार अप्रूप होतं. एवढं ऐकून घेणारं आणि पोटात ठेवणारं माणूस कुठे मिळतं, असं मला वाटायचं. माझ्या आयुष्यात त्या काळात बोलण्याची ती एकच जागा होती.

गडचिरोलीला एका नव्या इमारतीच्या कामावर पहिल्यांदा लोखंडाऐवजी काळे प्लास्टिकचे पाइप आले. आम्ही खूश होतो, कारण त्यात केबल छान घसरते. निम्मी केबल गेली आणि माझ्या बाजूला मोजा सटकू लागला. मी विंच थांबवला, पाइपावर पाना ठोकला, ओरडलो, "थांबा! थांबा!" ड्रमच्या घरघरीत तिकडे कोणाला ऐकू गेलं नाही; सगळे बाईंच्या इशाऱ्यावर ढकलत होते, ते ढकलतच राहिले. केबल त्यांच्याकडच्या तोंडाशी फुगली आणि एका माणसाचं मनगट तिच्याखाली सापडलं. हाड वाचलं, पण पंजाची सालटी निघाली.

मी तणतणत तिकडे गेलो. "बाई, किती ओरडलो मी! ऐकू नाही आलं?"

बाई पाइपावर तळहात ठेवून बसल्या होत्या. "हा पाइप मुका हाये जी," त्या म्हणाल्या. "हाताले काहीच समजत नाई."

मी गँगकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. शेवटी एक जण म्हणाला, "सहा-सात साल झाले साहेब. बाईले ऐकू नाई येत. पन काम चोख होतं नं, म्हनून आमी बोललो नाई."

मी बाईंच्या समोर बसलो. एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मग मी जे बोलत होतो, ते?"

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. "तुमी बोलून राह्यले हे समजे. काय बोलून राह्यले ते नाई समजे." मग जरा हसल्या. "घरी तं दिवसभर कोनीच नाई. इथी हात ठेवला का समजे, मानूस हाये तिकडे. मले तेवढंच पायजे होतं."

खरं सांगतो, मला राग आला. माणसाच्या मनगटासाठी नव्हे, माझ्यासाठी. इतके दिवस मी एका मुक्या भोकाशी बोलत होतो असं वाटून मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज मी बाईंवर काढली. दुसऱ्या दिवशीपासून मी त्यांना पाइपावरून हटवलं आणि गोदामात पाने-रोलर पुसायला बसवलं. सुरक्षेसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. बाई आठ दिवस गोदामात आल्या. नवव्या दिवशी आल्या नाहीत.

एक बारीक सुतळी पाइपातून सोडून तिचं टोक बाईंच्या मनगटाला बांधलं असतं, तरी भागलं असतं. दोन झटके म्हणजे चालू, तीन म्हणजे थांबा. आयुष्यभर पाइपातून दोऱ्या ओढणाऱ्या माणसाला हे सुचायला चार महिने लागले.

सुचलं त्याच रविवारी मी त्यांच्या खेड्यात गेलो. धान कापून झालं होतं. बाई अंगणातल्या मांडवात माझ्याकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी फाटकातून तीन हाका मारल्या. शेळीने वळून पाहिलं, बाईंनी नाही. मग मी गाडीच्या डिकीतून पाना काढला आणि मांडवाच्या खांबावर दोनदा ठोकला. त्यांची पाठ त्याच खांबाला टेकलेली होती.

"साहेब आले वाटते," बाई वळायच्या आधीच म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. मला ते महिनाभराने कळलं. आता साइटवर दोन्ही टोकांना वॉकीटॉकी असतात आणि कोणी कोणाला तिकडे आहेस का म्हणून विचारत नाही.

पण त्या रविवारी बाईंनी पाणी दिलं, शेंगांनी भरलेलं बांबूचं सूप माझ्यापुढे सरकवलं. परत चला, असं मी हातवारे करून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आता नाई होत जी, गुडघे गेले." मग मी खांबाला पाठ टेकून बसलो आणि शेंगा सोलता सोलता बोलू लागलो. चुकलो म्हणालो. सुतळीचं सांगितलं. रागाचं खरं कारण सांगितलं, तेही मोठ्याने नाही, आपल्याशी बोलावं तसं. बोलून झाल्यावर वर पाहिलं. बाई माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. त्या दूर धानाच्या रिकाम्या शेतांकडे बघत होत्या, आणि त्यांचा तळहात माझ्या डोक्याच्या वर, खांबावर टेकलेला होता.

"हाव जी," बाई म्हणाल्या.

त्यांनी हात काढला नाही, म्हणून मी आणखी बोलत राहिलो.