पॅनेलला शिवलेली खोळ

आमच्या आत्याच्या घरात उघडं काही राहत नाही. रेडिओला खोळ, इस्त्रीला खोळ, गजराच्या घड्याळालासुद्धा खोळ. गजर झाला की आधी बटणं काढायची, मग तो बंद करायचा. शिवणातले उरलेले तुकडे फेकणं तिच्या जिवावर येतं, दुसरं काय!

चोवीस वर्षं तिनं पायानं मशीन चालवलं. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्यानं हात टेकले. डॉक्टर म्हणाले, "पायमशीन बंद करा." तिला ऐकू आलं, चूल बंद करा. मोटर लावावी तर आमच्या गल्लीत वीज कधी येईल आणि कधी जाईल, याचा नेम नाही. शेवटी गल्लीतल्या बायकांनी गट करून छतांवर सौर पॅनेलं बसवली आणि आत्याच्या मशीनला मोटर लागली. त्याच आठवड्यात शाळेच्या बाई गणवेशांचं कापड टाकून गेल्या. "सोमवारी सगळे मिळाले तर वर्षभराचं काम तुमचंच," म्हणाल्या.

शनिवारी दुपारी मशीन बंद पडलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत्यानं पॅनेलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पट्टा पुन्हा पायडलच्या चाकावर चढवला. दहा बाह्या होईस्तोवर तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला ते बघवेना. मी तणतणत छतावर गेले.

पॅनेलवर खोळ होती. निळी, कडेनं झालर, चारी कोपऱ्यांना नाड्या.

"आत्या! हे काय?"

"अगं, कालच शिवली. नवीकोरी वस्तू, उन्हानं खराब नाही का व्हायची?"

हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. ती आधी फुगली, मग तीही हसली. खोळ काढली, थोड्या वेळानं मशीन घरघरलं. सोमवारी बाईंनी गणवेश मोजून नेले.

आता गल्लीतल्या तिघी तिच्याकडे शिवायला येतात. चारही मशीनं उन्हावर चालतात, आणि यंदाही शाळेचं काम आमच्याकडेच आहे.

मशीनखालचं लोखंडी पायडल आत्यानं परवा सोडवून कोपऱ्यात ठेवलं. ती निळी खोळ बेतून त्याच्यावर घातली, नाड्या बांधल्या आणि म्हणाली, "बस झालं तुझं आता."

पायडलला म्हणाली की गुडघ्याला, कोण जाणे.