आतून लावायची कडी

आमच्या घरात नवा कपडा आला की तो आधी आत्याच्या हातात जायचा. ती तो उलटा करायची, खिडकीशी नेऊन शिवण ताणून बघायची आणि मग एक तर "घाल" म्हणायची, नाही तर "परत". कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून तिने उभा जन्म काढला होता. शर्ट बाहेरून कितीही देखणा असो, खोट आतल्या बाजूलाच असते, हे तिचं तत्त्व. तिथला नियमही ती आम्हाला पाढ्यासारखा ऐकवायची. शिवण बिघडली तर माल शिवणाऱ्याकडे परत, माप बिघडलं तर कापणाऱ्याकडे. "उगाच शिवणाऱ्या पोरींना बोलणी का बसावीत?"

निवृत्त झाली तरी सवय जाते थोडीच! भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरांची गोळी, माझ्या मैत्रिणींचं गोड बोलणं, सगळं ती उलटं करून बघे. अपवाद एकच. बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, आणलेली वस्तू ती तशीच अंगावर चढवायची. "त्याने आणलंय ना, मग झालं."

ती आमच्याकडेच राहायची, बाहेरच्या खोलीत, घडीच्या पलंगावर. पाहुणे आले की पलंगाची घडी व्हायची आणि आत्या उशी काखोटीला मारून स्वयंपाकघरात जायची. घरासाठी जागा घ्यायची ठरली तेव्हा तिने आपली सगळी साठवण बाबांच्या हातावर ठेवली आणि एवढंच मागितलं, "मागच्या बाजूला मला एक खोली दे. लहान असली तरी चालेल. पण दाराला आतून कडी हवी. आजवर कधी दार लावून झोपले नाही रे मी."

"म्हणजे काय, ताई! हे काय सांगायला हवं?" असं बाबा म्हणाले. मी तिथेच होते.

मग ठेकेदार यायला लागले. पहिल्या दोघांचे आकडे ऐकून बाबांचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर बरेच दिवस घराचा विषयच निघेना. आणि मग एके दिवशी बाबा तिसऱ्याला घेऊन आले. खडखडणारी स्कूटर, पायातल्या चपलांवर वाळलेलं सिमेंट आणि भाव इतका कमी की आईने दोनदा विचारून घेतला. आत्याने त्याचं तिथल्या तिथे बारसं केलं, स्वस्तराव.

"इतकं कमी कसं हो परवडतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"मला ऑफिस नाही, मावशी. गाडी नाही. कामावर मी स्वतः उभा असतो."

"ऑफिस नाही म्हणजे उद्या पळालात तर शोधायचं कुठे?"

स्वस्तराव हसला. बाबा मात्र हसले नाहीत. ते घाईघाईने म्हणाले, "ताई, माणूस पारखून आणलाय मी." पण तो गेल्यावर आत्या दाराकडे बघत म्हणाली, "कुठेतरी पाणी मुरतंय. याने काहीतरी कापलंय. काय कापलंय ते शोधलं पाहिजे."

आणि तिने शोध सुरू केला. त्याने बांधलेल्या एका घराचा पत्ता काढून ती मला घेऊन तिथे धडकली. घरातल्या बाई बिचाऱ्या भल्या. आत्याने त्यांच्या न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठल्या बाजूला धावतं ते वाकून पाहिलं. फरशी किल्लीने वाजवली. प्रत्येक दार उघडून, लावून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी शहाण्यासारखं जाळीकडे गेलं, फरशी कुठेही पोकळ वाजली नाही, एक दारही कुरकुरलं नाही. त्यावर बाईंनी सांगितलं की एक भिंत मनासारखी आली नाही म्हणून ठेकेदाराने ती स्वतःहून पाडून पुन्हा बांधली होती.

"बघ, आता तरी पटलं?" मी रस्त्यावर आल्यावर म्हटलं.

"जास्तच संशय यायला लागलाय. दोष सापडत नाही म्हणजे फार नीट लपवलाय."

घरी तिने हा सगळा वृत्तांत सांगितला तेव्हा आई म्हणाली, "वन्सं, आता पुरे करा. देऊन टाकू त्याला काम." बाबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं, आणि ते आदल्या दिवशीचं होतं. मला तेव्हा कळायला हवं होतं. पण संशय घ्यायचं काम आमच्या घरात एकट्या आत्याकडे होतं, आणि तिची नजर तर स्वस्तरावावर खिळलेली.

शेवटी स्वस्तरावच म्हणाला, "मावशी, जागेवर या. जमिनीवर घर आखून दाखवतो. एकदा तुमची शंका फिटू दे."

"उन्हात कशाला येतेस, ताई?" बाबा निघताना म्हणाले. चपला घालून झाल्यावरही पुन्हा म्हणाले. आत्या छत्री घेऊन सगळ्यांच्या पुढे.

स्वस्तरावाने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि दोरीच्या कडेने चुन्याची फक्की मारत गेला. मोकळ्या जमिनीवर पांढरं घर उमटलं. आत्या दारातून आत शिरली. हो, दारातूनच, रेघ ओलांडून नाही. "ही बैठकीची खोली. हे स्वयंपाकघर. ही तुमची दोघांची. ही पोरीची." मग ती मागच्या रेघेशी जाऊन थांबली. पलीकडे गवत होतं.

"आणि माझी?"

स्वस्तराव गोंधळला. "मला तर चारच सांगितल्या होत्या, मावशी. मागची खोली काढून भाव द्या म्हणाले साहेब. म्हणून तर कमी आला."

बाबा चुन्याच्या रेघेकडे बघत पुटपुटले, "बैठकीत पलंग टाकूच ना, ताई. आत्ता आहे तसाच. पुढेमागे हात सैल झाला की..."

माझ्या डोक्यात सणक गेली. मला ओरडायचं होतं, की तिचे पैसे या मातीत आहेत आणि तिलाच गवतात उभं केलंत! आई स्वतःच्या छत्रीची मूठ न्याहाळत होती. तिला आधीपासून माहीत होतं का, हे मी अजूनही तिला विचारलेलं नाही.

आत्याने मात्र आवाज चढवला नाही. ती स्वस्तरावाकडे वळली. "तुमच्यात खोट नाही, भाऊ. मी उगाच तुम्हाला उसवत बसले. शिवण चांगली आहे, माप चुकलंय." मग तिने बाबांकडे पाहिलं. "हे कापणाऱ्याकडे परत."

एवढं बोलून ती रस्त्याला लागली. बाबा तिच्या मागे धावले नाहीत. ते स्वस्तरावाला म्हणाले, "समोरची गॅलरी काढा. गच्चीचा जिनाही नको. मागची खोली घ्या." स्वस्तरावाने खुंट्या उपटल्या आणि बाबांच्या हातात दोरीचं टोक दिलं.

घर झालं. स्वस्तरावानेच बांधलं, बोलल्या भावात. पाणी जाळीकडेच जातं. मागच्या खोलीच्या दाराला आतून जाड कडी आहे. ती त्याने आत्यापुढे तीनचार ठेवून तिलाच निवडायला लावली. आत्या बाबांशी पूर्वीसारखीच बोलते, जेवायला त्यांची वाट बघते, त्यांच्या जुन्या खोड्या सांगून आम्हाला हसवते. मला वाटलं, झालं ते विसरली.

थंडी सुरू झाली तसा बाबांनी तिच्यासाठी स्वेटर आणला. त्यांनी दार वाजवलं. आतून कडी निघाल्याचा आवाज आला. "ताई, तुझ्यासाठी," म्हणून त्यांनी पुडा पुढे केला. मी मागेच उभी होते. आत्याने पुड्यातून स्वेटर काढला, खिडकीशी नेला, सावकाश उलटा केला आणि एकेक शिवण ताणून बघितली.

"चांगला आहे," ती म्हणाली.

बाबा उंबऱ्याबाहेरच उभे होते.