सहाशे मीटरपर्यंत बाई

खेळाडू नोंदणी क्रमांक तीनशे बारा. वय चोवीस. उंची एकशे शहात्तर सेंटिमीटर. प्रकार : आठशे मीटर धावणे. सर्वोत्तम वेळ : दोन मिनिटे एक सेकंद. वैवाहिक स्थिती : अविवाहित. लिंग : विचाराधीन. सदर खेळाडूस महिला गटाच्या हितरक्षणार्थ, चारशे मीटर ते एक मैल या अंतरांच्या शर्यतींतून पुढील आदेशापर्यंत वगळण्यात येत आहे.

हे पत्र शिडीने कामावर, पार्सल कार्यालयातल्या छाननीच्या टेबलाशी उभ्या उभ्याच वाचलं. शिडी हे तिचं शाळेपासूनचं टोपणनाव. दोनदा वाचल्यावर तिला एवढं उमगलं, की दोनशे मीटर धावली तर ती बाई, पाच हजार धावली तरी बाई; फक्त मधल्या पट्ट्यात महासंघाला तिची खात्री नव्हती. निसर्गालाही इतकं बारीक मोजमाप कधी जमलं नव्हतं. त्याला सात जणांची समिती लागली. त्यातला एक दातांचा डॉक्टर होता. मानवी शरीराशी काही संबंध असलेला तेवढाच.

"विचाराधीन म्हणजे काय गं?" घरी आईने शिलाई मशीन थांबवून विचारलं.

"विचार करतायत."

"बाळंतपण माझं आणि विचार यांचा! मला बोलवा म्हणावं, सांगते सगळं बैजवार."

धावण्याचं शिकवणारे मास्तर दारातच उभे होते. घसा खाकरून म्हणाले, "गोळ्या घे म्हणतायत. सहा महिने. रक्तातल्या पुरुषी हार्मोनचं प्रमाण खाली आलं की घेतील परत."

"मला काही झालंय का?"

"छे."

"मग गोळ्या कशाला?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून."

गोळ्या तिने घेतल्या नाहीत. अपील केलं. जागतिक स्पर्धेसाठी दोन मिनिटं दोन सेकंदांच्या आत धावावं लागे, आणि देशात तेवढं धावलेली ती एकटीच होती. नावं पाठवायची मुदत महिनाअखेरची. त्याआधी अपील मंजूर झालं तर ती जाणार होती. नाही तर घरी.

तिच्यानंतर उरली महासंघाच्या सचिवांची भाची. पोरगी गुणी, कष्टाळू. पण वेळ दोन मिनिटं सहा सेकंद. मामांच्या पुण्याईने चार सेकंद कमी होत नाहीत, हे मामांना उशिरा कळलं. मग कुणीतरी सुचवलं, पेसर लावा. पेसर म्हणजे पुढे राहून वेग बांधून देणारा धावपटू. काम झालं की तो मध्येच बाजूला होतो. पण महिलांच्या शर्यतीत पुरुष पेसर चालत नाही, हा नियमही याच समितीचा. म्हणजे पेसर बाईच हवी, आणि तिने सहाशे मीटर दीड मिनिटात काढायला हवेत. अशी बाई देशात एकच होती.

एरवी शिपायाच्या हाती कागद धाडणारे सचिव पार्सल कार्यालयात जातीने आले.

"फक्त सहाशे मीटर, बाळ. मग आत गवतावर व्हायचं. शेवटाला पोचायचंच नाही, म्हणजे निकालात तू नाहीस, म्हणजे नियमाचा प्रश्नच येत नाही."

"म्हणजे सहाशेपर्यंत मी बाई?"

"शब्दाला शब्द लावू नकोस गं."

"लेखी द्या."

सचिवांनी लेखी दिलं. 'सदर महिला खेळाडूची वेगधारक म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे.' खाली शिक्का, त्याखाली वगळण्याच्या पत्रावर होती तीच पल्लेदार सही. मास्तरांनी तो कागद अपिलाला जोडला आणि शिडीला बजावलं, "सहाशेला बाहेर. एक पाऊल जास्त टाकलंस तर त्यांना निमित्त मिळेल."

शर्यत सकाळची. शिडीने पहिली फेरी साठ सेकंदांत काढली, ना कमी ना जास्त. सचिव कुंपणाशी उभे राहून टाळ्या पिटत होते. महिला गटाचं हित इतक्या जोरात पळताना त्यांनी पूर्वी पाहिलं नसावं. सहाशेच्या खुणेशी नव्वद सेकंद. भाची तीस मीटर मागे, मान वाकडी, खांदे वर चढलेले. शिडीच्या पायांत पुढचे दोनशे शिल्लक होते. समोरची वाट मोकळी होती. ती गवतावर गेली.

भाचीने दोन मिनिटं सात सेकंद घेतले आणि मामांकडे न बघता शिडीशेजारी येऊन बसली. "ताई, तू थांबलीस का? मी तुझ्याच पाठीकडे बघून धावत होते."

"मला तेवढंच सांगितलं होतं," शिडी म्हणाली.

अपिलाची सुनावणी महिना संपायच्या दोन दिवस आधी झाली. दाताच्या डॉक्टरांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. शिक्का खरा, सही खरी. समितीने दीड तास खल केला, दोनदा चहा घेतला, आणि निर्णय दिला : सदर नियुक्तीतील 'महिला' हा उल्लेख नियुक्तीच्या अंतरापुरता मर्यादित असून, खेळाडूने धावपट्टी सोडताच तो संपुष्टात आला आहे. सबब अपील फेटाळण्यात येत आहे.

"सोडली नसतीस तर?" आईने विचारलं.

"तर नियम मोडला म्हणून फेटाळलं असतं," मास्तर म्हणाले.

त्या वर्षी जागतिक स्पर्धेत महिलांच्या आठशे मीटरला या देशातून कुणीच धावलं नाही.