आप्पांचा धप्पा

परवा ऑफिसमधून घरी आले, तर गॅलरीतली खुर्ची रिकामी!

ती खुर्ची म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची जागा. चार महिन्यांपूर्वी मोहोळजवळच्या आमच्या गावी गोठ्यात पाय घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांना इकडे जुळे सोलापूरला, माझ्या फ्लॅटवर आणलं.

डॉक्टर म्हणतात, हाड छान जुळलंय, आता काठी सोडा आणि चाला. पण आप्पांनी भीतीच घेतलेली... "परत पडलो तर?" झालं, विषय बंद. जन्मभर रान तुडवलेला माणूस बाथरूमपर्यंत जायचा, तेवढाच. मला रडूही यायचं आणि रागही यायचा.

लिफ्ट काही वर येईना. जिन्याने धावतच खाली गेले.

पार्किंगमध्ये पोरं लपाछपी खेळत होती. आता कबूल करते, या पोरांसाठी माझं भाषण ठरलेलं असतं... आमच्या वेळी लगोरी होती, विटी-दांडू होता, दिवस मावळल्याशिवाय आम्ही घर बघायचो नाही, तुम्हाला मोबाईलशिवाय येतंय काय? माझा दहा वर्षांचा ओम तर "मम्मी, सुरू झालं तुझं" म्हणून कानात बोटं घालतो.

त्या दिवशी राज्य ओमवरच होतं. पिलरला डोकं टेकून इंग्लिशमध्ये आकडे मोजत होता. (आम्ही दहा-वीस-तीस-चाळीस म्हणायचो, पण असो.) आप्पा कुठायत म्हणून विचारणार, तेवढ्यात शेजारच्या श्रीजाने माझा हात ओढला. सात वर्षांचं टिल्लू पोर ते... तिने पाण्याच्या टाकीमागे बोट दाखवलं.

टाकीमागे आमचे आप्पा! भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून उभे. मी तोंड उघडलं, तर माझ्यावरच डोळे वटारले... "गप की! कळंल त्याला."

श्रीजा कुजबुजली, "आंटी, टेन्शन नका घेऊ. आम्हीच आणलंय त्यांना. आजोबा कच्चा लिंबू आहेत."

मला हसूच फुटलं. म्हणजे कच्चा लिंबू अजून आहे तर! लहानग्याला खेळात घ्यायचं, पण तो सापडला तरी त्याच्यावर राज्य द्यायचं नाही... हे यांना कुणी शिकवलं? मी तर नाही, माझा सगळा वेळ भाषणात गेला. आणि त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला कच्चा लिंबू करून खेळात घ्यावं, हे आम्हाला आमच्या वेळी कधी सुचलंही नव्हतं.

ओम आमच्याकडे पाठ करून स्कूटरींमागे शोधत होता. आप्पांनी काठी टाकीला टेकवली... आणि निघाले.

एक पाऊल. दोन. तीन. "आप्पा, पडाल!" अगदी ओठांवर आलं होतं. पण ओरडले असते तर त्यांचा डाव गेला असता... ओढणी तोंडात कोंबून उभी राहिले. नऊ पावलं. मोजली मी.

"धप्पाऽऽ!"

पोरांनी नुसता कल्ला केला. मी मात्र जिन्याच्या पायरीवर बसून रडून घेतलं, खोटं कशाला सांगू.

पण ओम ऐकतोय होय! आजोबांवरच गेलाय. "कच्च्या लिंबाचा धप्पा धरत नाहीत, आप्पा!" त्यावर आप्पा जे तापले... "धरत न्हाईत म्हंजे? दिला की मी! समद्यांनी बगितलंय!" आजोबा-नातू अगदी हमरीतुमरीवर. शेवटी पोरांनी मीटिंग घेऊन निकाल दिला, धप्पा कॅन्सल. रात्री जेवतानाही आप्पा फुगलेलेच होते.

पोरांनो, तुमचे मनापासून आभार. मला, डॉक्टरांना, फिजिओथेरपीच्या मॅडमना चार महिन्यांत जमलं नाही, ते तुम्ही एका संध्याकाळी केलंत. माझं भाषण आजपासून बंद.

आणि आज सकाळी उठून बघते तर काय... आप्पा हॉलमध्ये फेऱ्या मारतायत. काठी कोपऱ्यात. मी काही बोलायच्या आत म्हणाले,

"ओमला सांगून ठेव. आजपासनं मी कच्चा लिंबू न्हाय. राज्य आलं तर येऊ दे माज्यावर."