झांज वाजत नाय

कशेळ्याच्या शाळेत माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. वर पत्रे, खाली साठ पोरं, आणि प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा सांगायची. एस.टी.ने कर्जतला उतरून भिसेगावात घरी पोचेपर्यंत घसा पार बसलेला असायचा. घरी आमचे हे. "अहो, पाणी भरलं का?" एकदा. "अहो, पाणी!" दोनदा. तिसऱ्यांदा मी कळशी आपटायचे, तेव्हा कुठे हे वळून बघायचे आणि वर मलाच विचारायचे, "काय गं, आपटाआपटी कशापायी?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

हे बावीस वर्षं मुंबईला कापडगिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. सुट्टीच्या एका दिवसापुरते घरी यायचे, तेवढ्यात भांडायलाही सवड नसायची. मग गिरणी बंद पडली आणि वळकटी घेऊन कायमचे आले. आल्यापासून माणूस घरातच, पण लक्ष म्हणून नाही. मी चुलीपाशी बसून दिवसभराचं सांगत असायचे आणि हे आपले दाराबाहेर बघत. गिरणी गेल्याचं दुःख आहे, समजू शकते. पण मी काय भिंतीशी बोलायचं? ह्या माणसाने माझं एक बोलणं पहिल्या हाकेला ऐकावं, एवढंच मला हवं होतं. त्यापलीकडे काही मागण्याचं त्राणही उरलं नव्हतं.

त्यात ते स्पीकरचं खूळ. घरात टू-इन-वन होता, रेडिओ आणि कॅसेट दोन्ही वाजणारा. ह्यांचं रोजचं पालुपद, "ह्याचा आवाज दबलाय." गिरणीतल्या कुणा दोस्ताने सांगितलं, की स्पीकरचे सुटे भाग पोस्टाने मिळतात, आपण घरी जोडायचे. झालं! पार्सल आलं. दोन मोठे स्पीकर, दोन वाटीएवढे छोटे, तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि एक इंग्रजी कागद. कागद कोण वाचणार? बाईच. शाळेतून येऊन, पाय धुऊन, डिक्शनरी घेऊन बसायचं. मोठ्यातून ढोलकीसारखे जाड आवाज येणार, छोट्यातून झांजेसारखे बारीक, एवढं कळायलाच मला दोन संध्याकाळी लागल्या.

खोकी मात्र ह्यांनी स्वतः केली. प्लायवूड कापलं, स्पीकरपुरती गोल भोकं पाडली, सरस लावून सांधे बसवले. फळी धरायला मी. "हलवू नको," "जरा वर," "अगं, हललीस!" दिवसभर उभं राहून पाय दुखत असायचे, पण धरायची. आत कापूस भरायचा होता तर आमची चांगली धड असलेली गादी उसवली. पुढे लावायला पातळ कापड हवं होतं, त्यासाठी बाजारातल्या दोन दुकानांतलं कापड नापास झालं. शेवटी माझं जुनं सुती पातळ उजेडात धरलं, ताणा-बाणा निरखला, त्यातून तळहातावर फुंकर मारून बघितली आणि म्हणाले, "ह्यातून आवाज जाईल." पातळ नेसायजोगं होतं अजून. पण दिलं काढून.

काम करताना दातांत खिळे धरलेले असायचे, म्हणून मला हातानेच खुणा करायचे. अंगठा पिळला की पेचकस, बोटं फाकवली की वायर. मी म्हटलं, "हे काय नाटक?" तेव्हा खिळे काढून सांगितलं. साचेखात्यात शेकडो साचे एकदम खडखडतात, कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे सगळे खुणांनी बोलतात, नाहीतर आवाज न काढता नुसते ओठ हलवतात. समोरचा ओठांवरून ओळखतो. मिशीवरून बोट फिरवलं, की जॉबर, म्हणजे मुकादम, आला. "वरडायला कुणाला फुरसत असते गं," म्हणाले. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एका गोष्टीवर हसलो होतो.

रविवारी सकाळी दोन्ही खोकी दोन कोपऱ्यांत ठेवून वायरी जोडल्या. कॅसेट लावली ती आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीची. बुद्धपौर्णिमेला विहारात भरलेली, आणि तीत झांज वाजवली होती ह्यांनीच. गाणं सुरू झालं. काय आवाज हो! ढोलकीच्या थापेसरशी फळीवरची भांडी थरथरली. हे खूश. मग हळूहळू कपाळाला आठी पडली. एका खोक्याला कान लावला, मग दुसऱ्याला. आवाज वाढवला. शेजारची म्हातारी कानांवर हात ठेवून दारात आली.

"माझी झांज कुठं हाय?" हे म्हणाले. "छोटे स्पीकर मेलेले दिलेत. फसवलं!"

मी पाठमोरी तांदूळ निवडत होते. झांज तर अशी खणखणत होती, की माझं डोकं उठलं होतं. मी म्हटलं, "वाजतेय की चांगली." उत्तर नाही. नेहमीसारखीच चिडले आणि वळून म्हटलं, "वाजतेय की!"

"कुठं वाजतेय?" लगेच उत्तर.

माझे हात सुपातच थांबले. मी उठून कॅसेट बंद केली. ह्यांच्या समोर उभी राहिले आणि घशातून जराही आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "चहा घेणार का?"

"टाक अर्धा कप," हे म्हणाले आणि पेचकस घेऊन खोकं उघडायला बसले.

चहाचं आधण उकळून उकळून आटलं तरी मी तिथेच उभी होते. कपाळ माझं! ह्या माणसाला मी किती बोलले होते. मग्रूर म्हटलं, दगड म्हटलं, शेजारणींकडे गाऱ्हाणी केली. चुलीकडे तोंड करून सांगितलेलं एक अक्षरही ह्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आणि ह्यांनाही पत्ता नव्हता, कारण साचेखात्यात कुणालाच काही ऐकू येत नसे. कान कोणत्या वर्षी गेले, ते तिथे कळणार तरी कसं? हे सांगायचं कोणी? मला धीर झाला नाही. मी मुकाट्याने दुसरं आधण ठेवलं.

ह्यांनी वायरी उलट्या करून पाहिल्या, छोटे स्पीकर आपसात बदलून पाहिले. सोमवारी ते पिशवीत घालून बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. मी शाळेतून आले तेव्हा पिशवी दाराशी होती आणि हे खोक्यांसमोर जमिनीवर बसले होते. मी समोर जाऊन बसले.

"काय म्हणाला?"

"दोन्ही चालू हायेत म्हणाला. माझ्यादेखत वाजवून दावले." खोक्यावरून हात फिरवला. "त्याच्या दुकानातली समदी माना हलवत होती."

मग हे म्हणाले, "तू एक काम कर. माझ्या मागं उभी रा. तोंड दावू नको. काहीबी बोल. वरडायचं नाय, साधं बोल."

मी मागे जाऊन उभी राहिले. ह्यांच्या मानेवरचे केस वाढले होते, कॉलर विरली होती. काहीही बोल म्हटलं की काही सुचत नाही. आणि मग तोंडून आपोआप निघालं, "गिरणी बंद पडली आणि तुम्ही घरी आलात, तर सगळे हळहळले. मला बरं वाटलं होतं हो. फार बरं वाटलं होतं. कधी सांगितलं नाही."

मान हलली नाही. हे तसेच बसून होते, हात गुडघ्यांवर. परीक्षेला बसलेली पोरं बसतात तसे.

"बोल की," म्हणाले.

मी पुढे आले. "बोलले."

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते, पण पुसले नाहीत. मग विचारलं, "काय बोललीस?"

आता समोरासमोर होते. एकदा ओठ हलवले असते, तर सगळं पोचलं असतं. पंचवीस वर्षांच्या संसारात असलं काही तोंडावर बोलायची सवय कुठे होती?

"म्हटलं, पीठ संपलंय," मी म्हणाले. "दळण टाकायचंय."

"मग आधी सांगायचं नाय?" हे म्हणाले आणि डबा घ्यायला उठले.