तणमोराचा चिरलेला ठोकळा

माळावरचं एखादं पाखरू नाहीसं झालं की ठोकळेमास्तर हळहळत बसायचे नाहीत. त्या पाखराचा लाकडी ठोकळा मांडीवर घ्यायचे आणि त्याच्या छातीवरून कोरणी आडवी ओढायचे. एकदाच. मग तो ठोकळा पुन्हा शाईला लागायचा नाही. "जे माळावर न्हाई ते कागदावर बी न्हाई," हा त्यांचा कायदा. सरकारी कायद्यांसारख्या त्याला पळवाटा नव्हत्या.

नोकरीत असताना ते चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर औंढ्याजवळच्या आमच्या गावात, घराच्या पडवीत बसून सागाच्या फळ्यांवर पाखरं, गवत, बोरीची झुडपं उलटी कोरायचे. फळीवर शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि मागून घासायचा. यंत्र नव्हतं. घासायला स्वयंपाकघरातली पितळी पळी. काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, अर्धा जन्म त्या पळीसाठी भांडण्यात गेला. "वरण वाढायला घरात पळी न्हाई, अन् ह्यांच्या टिटवीची पाठ चोळायला पळी पाहिजे!" मास्तर मान वर न करता म्हणायचे, "वरण वाटीनं वाढ. टिटवी वाटीनं उठत न्हाई."

माझे वडील गायरानावर मेंढरं चारतात. ते गायरान खडीच्या खाणीला द्यायचं घाटतंय असं कळलं, तेव्हा मी पहिलं पत्रक काढलं. मास्तरांनी चष्मा पुसून ते वाचलं.

"पोरी, उद्गारचिन्हं किती ह्यात? माळावर एवढ्या बोरी असत्या तर भांडण काहून लागलं असतं?"

मी चिडले. "तुमी बसा पाखरं छापत. तिकडं माळाला सुरुंग लावायला निघाले."

"व्हय. म्हणून तर छापून राहिलो. पत्रक फळीवर कोरून पाहा एकदा. बोट दुखलं की माणूस फालतू शब्द टाकून देतो."

रागारागात कोरलं. दोन ओळींच्या पुढे हात चालेना. पण हॉटेलवाल्याने भजी बांधायला न वापरता भिंतीवर चिकटवलेलं ते माझं पहिलं पत्रक.

त्यांचा सगळ्यात मोठा ठोकळा तणमोराचा. पावसाळ्यात हा पक्षी उंच गवतातून सरळ वर उडी घेतो आणि पुन्हा गवतात बुडतो. कितीतरी पावसाळे मास्तर सकाळी घोंगडी पांघरून माळावर बसले. तणमोर उडाला नाही. शेवटी एका संध्याकाळी घरी आले आणि हातपाय न धुता कोरणी काढली. मी त्यांचा हात धरला.

"थांबा की! पुढच्या साली दिसला तर?"

"तर नवा कोरीन. बोटं हायत अजून. खोटं छापणार न्हाई."

कोरणी ओढल्याचा आवाज झाला. आत काकूंचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. नवा तणमोर कोरायचा राहिला.

उन्हाळ्याच्या तोंडावर काकूंना घेऊन आम्ही त्यांच्या चित्रांचं आणि ठोकळ्यांचं प्रदर्शन औंढ्यात, देवळाजवळ भरवलं. विक्रीतून गायरानावर पाणवठा बांधायचा होता. पाखरांनाही पाणी, मेंढरांनाही. दर्शनाला आलेले लोक डोकावले, "लई भारी" म्हणाले आणि प्रसाद घ्यायला गेले. चित्रं भिंतीवरच राहिली. दुपारी खडीवाले शेठ आले. हो, तेच, ज्यांना गायरान हवं आहे.

"पाणवठ्याचा सगळा खर्च माझ्याकडं," ते म्हणाले. "मला फक्त त्या तणमोराचं एक मोठं चित्र द्या. हापिसात लावतो."

म्हणजे माळ फोडायचा आणि माळाचं पाखरू हापिसात टांगायचं. मी सांगितलं, तो ठोकळा चिरलेला आहे.

"मग लांबी भरा. दाराच्या भेगा बुजवत न्हाई का आपण? संध्याकाळी येतो."

ते गेले आणि आमच्यातच जुंपली. माझ्यासोबत गावोगाव पत्रकं वाटणारा विठ्ठल समोरच्या दुकानातून लांबीचा डबा घेऊनच आला. "तुझ्या बापाची मेंढरं पाणी मागतील का मास्तरांचा कायदा?" तो म्हणाला. मे महिन्यात मेंढरं जीभ काढून उभी राहतात, ते मी लहानपणापासून पाहिलंय.

"काकू, आता तुमीच सांगा," विठ्ठल म्हणाला.

काकूंनी ठोकळा पुढ्यात ओढला. चिरेवरून बोट फिरवलं. डबा बाजूला सारला आणि पिशवीतून पळी काढली. "शाई आण."

"काकू, चिरलेला ठोकळा शाईला लावायचा न्हाई, मास्तर म्हणायचे..." मी म्हणाले.

"मास्तर गेले. पळी माझी हाय."

इतकी वर्षं भांडता भांडता त्या छापायला कधी शिकल्या, कोण जाणे. कागद सोलून वर घेतला, तेव्हा काळ्या गवतातून तणमोर उसळलेला होता आणि त्याच्या छातीवरून आरपार पांढरी रेघ गेली होती. जिथे लाकूड चिरलेलं होतं, तिथे शाई लागलीच नव्हती. काकूंनी तो ओला कागद बरोबर दारासमोर टांगला.

शेठ आले, थबकले. "हे तर खराब झालंय."

"व्हय, खराब झालंय," काकू म्हणाल्या. "न्या, हापिसात लावा. पाखरू कुठं गेलं म्हणून कोणी इचारलं, तर ह्या रेघेकडं बोट दाखवायला बरं."

शेठ हसले. "मावशी, पाणवठा राहून जाईल हां."

"राहू द्या."

ते रिकाम्या हाताने गेले. विठ्ठल लांबीचा डबा दुकानात परत करून तडक गावी गेला. दुसऱ्या दिवशी मात्र लोक त्या कागदासमोर थांबू लागले. "हे मधीच पांढरं काहून?" काकू सांगायच्या, आणि ऐकणारा लगेच निघून जायचा नाही. तेच चित्र लोक मागू लागले. काकू छापत राहिल्या. आलेल्या पैशांत बांधीव पाणवठा झाला नाही. एक उथळ हौद झाला. टँकर आला की मेंढरं आणि टिटव्या त्यातलं पाणी वाटून पितात. पाणी उन्हाळाभर पुरलं नाही, हेही सांगायला हवं. खोटं छापणार न्हाई.

गायरानाचा निकाल अजून लागलेला नाही. पळी आता पडवीतच असते. काकू वरण वाटीने वाढतात. कोरणी त्यांनी माझ्याकडे दिली. माळावर पळत सुटणाऱ्या धाविक पक्ष्याचा ठोकळा अजून अखंड आहे, पण या वर्षी धाविक मला दिसलेला नाही. रोज सकाळी माळावर जाते. कोरणी पिशवीत असते. ती पिशवीतच राहावी, एवढ्यासाठी भांडते.