क्लिफर्ड साउटरचा पातळ रंग

क्लिफर्ड साउटरच्या घराला दवाखान्याचा वास यायचा. घरात आजारी कोणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये डेटॉल भरलेलं असायचं आणि त्यात नेपोलियनचे सैनिक बुडालेले असायचे. दोन दिवस डेटॉलमध्ये ठेवलं की त्या अंगठ्याएवढ्या शिशाच्या माणसांवरचा रंग सुटतो. मग जुन्या टूथब्रशने घासायचं, की सैनिक पुन्हा कोरा. त्याची बायको बेरिल म्हणायची, "ह्याच्या फौजेत लढाईला एकजण गेला नाही, तरी सगळे इस्पितळात."

इंग्लंडातल्या बुलवेलच्या आमच्या शिशाच्या सैनिकांच्या क्लबात मी तेवीस वर्षं चहाचं बघतो. खेळात मी सुमारच. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये टेबलं जोडायची, हिरवं कापड पसरायचं, त्यावर टेकड्या आणि कुंपणं मांडायची आणि जुन्या लढाया नव्याने हरायच्या. भिंतीवर एकच नियम लिहिलेला आहे, मॉरिसच्या अक्षरात: 'रंगवलेला नसेल तर टेबलावर नाही.' या एका ओळीवरून आमच्याकडे माणसं क्लब सोडून गेली आहेत.

हा मॉरिस व्हीटक्रॉफ्ट बस चालवायचा आणि क्लिफर्ड लेसच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. चौतीस वर्षांपूर्वी दोघांनी ठरवलं की वॉटर्लूची अख्खी लढाई मांडायची. इंग्रज मॉरिसचे, फ्रेंच क्लिफर्डचे. मॉरिसने चार वर्षांत आपली फौज उरकली. डबा उघडायचा, ऑइलपेंट ढवळायचा आणि थापायचा. प्रत्येक तोंड गुलाबी, त्यावर डोळ्यांचे दोन काळे ठिपके. सगळी फौज दचकल्यासारखी दिसायची. कोणी हसलं की मॉरिस म्हणायचा, "लांबून बघ ना लेका. मी बस चालवतो, मला माणसं लांबूनच बघायची सवय आहे."

क्लिफर्डचा रोग असा की तो सुधारत गेला. पहिली पलटण त्यानेही मॉरिससारखीच थापली होती. तिसऱ्या पलटणीपर्यंत त्याला कळलं की आधी काळं अस्तर द्यावं, म्हणजे पट्ट्यांच्या कडा आपोआप उठून दिसतात. पाचवीला कळलं की रंगात पाणी घालावं, एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे. पुढे कपड्यांच्या चुण्यांत गडद पाणी सोडायला शिकला, मग चुणीच्या माथ्यावर उजळ रेघ ओढायला, मग खालच्या ओठाला वेगळी छटा द्यायला. आणि दर वेळी नवं काही जमलं की तो कपाटातल्या जुन्या पलटणीकडे बघायचा, त्याला लाज वाटायची, आणि ती पलटण बरणीत जायची. ती रंगवून होईपर्यंत हात आणखी सुधारलेला, म्हणून मग तिच्या शेजारची बरणीत. लढाई राहिली बाजूला. मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, "तू सुधारतोयस म्हणूनच मागे पडतोयस." तो नुसता हसला होता.

मग मॉरिसला काचबिंदू झाला. फेब्रुवारीत मीच त्याला गाडीतून इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की उजवा डोळा गेल्यात जमा आहे आणि डावा उन्हाळाभर पुरेल, फार तर. परत येताना तो म्हणाला, "क्लिफला बोलू नकोस. घाई झाली की त्याचा हात बिघडतो. पण त्याची ती सगळी निळी फ्रेंच फौज एकदा टेबलावर उभी बघायची होती. बास, एवढंच."

माझ्या पोटात काही राहत नाही. मी त्याला घरी सोडलं आणि तसाच क्लिफर्डकडे गेलो.

त्या दिवशी क्लिफर्डच्या कपाटात सहाशे बारा सैनिक होते आणि झाडून सगळे रंगवलेले होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. म्हटलं, "आहेत तसे गुरुवारी घेऊन ये."

तो कपाटासमोर उभा राहिला. "नेपोलियनच्या खाशा गार्डची पलटण बघ. आठ वर्षांपूर्वीची आहे. चेहरे मातीचे वाटतात."

"मॉरिसला काय फरक पडतो? त्याचे स्वतःचे बघितलेस ना?"

"तो शेवटचं बघणार," क्लिफर्ड म्हणाला, "आणि ते हे बघायचं?"

पुढच्या आठवड्यात घराला पुन्हा डेटॉलचा वास. मला इतका संताप आला की बेरिलने दिलेला चहा मी तसाच ठेवून निघालो. पण खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं होतं, जूनपर्यंत होईल.

अठरा जून हा लढाईचा दिवस, तोच ठरला. त्याच्या आदल्या आठवड्यात पाऊस लागला होता. ओल्या हवेत व्हार्निश फवारू नये हे क्लिफर्डनेच आम्हाला शिकवलेलं, पण दिवस उरले नव्हते म्हणून त्याने शेडमध्ये उभं राहून फवारलं. चाळीसच्या चाळीस गार्ड पांढरे पडले, पिठात लोळल्यासारखे. पुन्हा बरण्या. मग ऑगस्ट ठरला. ऑगस्टमध्ये चेहरे राहिले होते. मॉरिस दर गुरुवारी विचारायचा, "कुठवर आलं?" आणि क्लिफर्ड म्हणायचा, "थोडंच राहिलंय." सप्टेंबरात मॉरिस हॉलच्या पायरीवर अडखळून पडला. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी क्लिफर्ड सहाशे बाराजण घेऊन आला. टेबलावर मांडायलाच दोन तास लागले. मी उगाच कोणाचं कौतुक करत नाही, पण गार्डची पलटण बघून मी हातातली किटली खाली ठेवली आणि वाकून बघत राहिलो. एका सार्जंटच्या गालावर दोन दिवसांची दाढी वाढलेली होती. चिखल फक्त बुटांच्या टाचांना होता. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो माझ्या हाताला धरून आत आला. त्याला आता फक्त खिडकी कुठे आहे तेवढं कळत होतं.

मॉरिसला खुर्चीवर बसवलं. क्लिफर्डने तो सार्जंट त्याच्या तळहातावर ठेवला. मॉरिसने अंगठा फिरवला, टोपीवरून, पट्ट्यावरून, बंदुकीवरून. पुन्हा एकदा फिरवला. मग त्याचा चेहरा उतरला.

"क्लिफ, हा रंगवलेला नाही."

"रंगवलाय."

"डोळे गेलेत माझे, बोटं नाहीत गेली." त्याने चाचपत आपला एक इंग्रज उचलला. "हा बघ. लागतो ना रंग हाताला? आणि हा तुझा. नुसतं गार शिसं. कड न् कड टोचतेय."

त्याने दुसरा मागितला, मग तिसरा. तिन्ही तसेच. मॉरिसच्या सैनिकांवर रंग म्हणजे पाक वाळल्यासारखा. क्लिफर्डचे थर केसाहून पातळ, आणि इतकी वर्षं तो शिकत होता ते हेच, की रंग दिसावा पण धातूची एकही रेघ बुजू नये.

मी तोंड उघडलं, "मॉरिस, अरे ते..."

क्लिफर्डने माझं मनगट घट्ट धरलं. "हो," तो म्हणाला. "राहिले रंगवायचे. नाही जमलं."

मॉरिसने मान हलवली. रागावला असता तरी बरं झालं असतं. "वाटलंच होतं मला," तो म्हणाला. "असू दे. नियम मीच लिहिलाय, आजचा दिवस मीच सोडतो. मांड तुझं ते शिसं."

आम्ही खेळलो. कुठली पलटण कुठे आहे ते मी मॉरिसच्या कानात सांगत होतो. फ्रेंच हरले.

नंतर कप विसळताना मी क्लिफर्डला गाठलं. "खोटं कशाला बोललास?"

"मग काय सांगू? जे बघायला तो थांबला होता ते समोर आहे, फेब्रुवारीतही होतं, आणि मीच उशीर केला, हे सांगू?" एवढं बोलून त्याने फडकं घेतलं आणि कोरडेच कप पुसत राहिला.

मंगळवारी त्याच्याकडे गेलो तर डेटॉलचा वास नव्हता, ऑइलपेंटचा होता. टेबलावर मॉरिसच्या शेडमधून मागून आणलेले गंजके डबे होते, आणि क्लिफर्ड गार्डवर रंग थापत होता. खरवडून नव्हे, आहे त्याच्यावरच. माझ्या डोळ्यांदेखत त्या सार्जंटची दाढी गुलाबी रंगाखाली गेली.

"अरे थांब," मी म्हणालो. "वेड लागलंय का? निदान दुसरे घे."

"हे मग कुणासाठी ठेवू?" त्याने वर न बघता विचारलं. आगपेटीच्या काडीच्या टोकाने तो कोटावर बटणांचे थेंब ठेवत होता. जाड रंगाची सवय सुटलेली, थेंब ओघळत होते. ते काम दिसायला फार वाईट होतं आणि मला तिथे बसवेना.

गुरुवारी त्याने काही न बोलता तो सार्जंट मॉरिसच्या हातात दिला. मॉरिसचा अंगठा छातीवर थांबला, मग एकेक थेंब मोजत खाली आला.

"सात, आठ. नववं ओघळलंय."

"हो."

"आणि नाकच नाहीये ह्याला, बुजवलंस. ह्या खेपेचा पहिलाच ना हा तुझा?"

"पहिलाच," क्लिफर्ड म्हणाला.

"मग ठीक आहे. हळूहळू सुधारेल हात."

पुन्हा सुधारण्यासाठी सार्जंट परत घ्यायला क्लिफर्डने सवयीने हात पुढे केला. मग तो मागे घेतला, आणि खोक्यातला तसाच थापलेला दुसरा काढून मॉरिससमोर ठेवला.